काळ्याचें पांढरें, पांढऱ्याचें काळें

मनुष्याच्या वयाचा पहिला दाखला त्याच्या केंसांत मिळतो. मोटरसायकलच्या वयाचा पहिला दाखला तिच्या काळ्या प्लास्टिकांत मिळतो. यंत्र अजून धडधाकट असतें, एका किकेंत सुरू होतें, पेट्रोल पूर्वीइतकेंच पितें. टांकीवरील तांबडा किंवा निळा रंगही ओल्या फडक्यानें पुसला असतां चकाकतो. परंतु मागचें मडगार्ड, आरशांच्या पाठी, हँडलावरील स्विचांचीं घरें आणि सीटखालची ती काळी कड हीं सारीं हळूहळू राखेच्या रंगाचीं होतात. मग शेजारी म्हणतात, गाडी म्हातारी झाली. घरांतील तरुण मंडळी म्हणतात, आतां ही काढून टाकावी. आणि जुन्या वाहनांचा दलाल पहिलें बोट त्या करड्या पट्टीवर ठेवून किंमत पाडूं लागतो. चांगली चालती गाडी केवळ तिच्या अशा अवकळेपायीं मोडीच्या भावानें जावी, असें मीरा रोडच्या वसाहतींत आम्हीं अनेकदां पाहिलें आहे.

प्रश्न वरवर पाहतां शृंगाराचा दिसतो. परंतु त्याच्या पोटीं कुटुंबाच्या खर्चाचा प्रश्न आहे, वस्तूच्या आयुष्याचा प्रश्न आहे, आणि थोडासा रसायनशास्त्राचाही आहे. म्हणून त्याचा विचार येथें सविस्तर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ऊन कोणाचें, खारें वारें कोणाचें

मीरा रोड हें पश्चिम रेल्वेवरील दहिसर व भाईंदर यांच्या मधलें स्थानक. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस मिठागरें व खारफुटी आणि त्यांपलीकडे उत्तन-गोराईचा समुद्रकिनारा, पूर्वेस काशीमिऱ्याचा महामार्ग आणि त्यामागें डोंगर, अशी या गांवाची मांडणी आहे. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेंत ज्याचें नांव येतें तो घोडबंदरचा किल्ला येथून फार दूर नाहीं. गेल्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांत गिरगांव, दादर, परळ येथील चाळींत जागा अपुरी पडूं लागली, तेव्हां पुष्कळ कुटुंबें इकडे आलीं. शांतिनगरासारख्या वसाहती उभ्या राहिल्या, आणि २००२ सालीं मीरा-भाईंदर महानगरपालिका अस्तित्वांत आली. या वसाहतींत छपराखालची जागा मोटारीस मिळते. मोटरसायकल बिचारी कुंपणाच्या भिंतीशीं उन्हांत उभी राहते. सकाळीं स्टेशनापर्यंत मालकाची सोबत करावी आणि दिवसभर तेथेंच उघड्यावर तापत राहावें, हा तिचा नित्यक्रम असतो.

येथील लोक वस्तूंच्या सर्व दुखण्यांचा दोष खाऱ्या हवेस देतात. तें अर्धेंच खरें आहे. खारी हवा लोखंड खाते. प्लास्टिक खातें तें ऊन. मीरा रोड सुमारें १९ अंश १७ कला उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळें मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हां जुलैच्या अखेरीस, असा वर्षांतून दोन वेळां भर दुपारीं सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायांतच लुप्त होते. जुलैंत ढग आपली पाठराखण करतात. मे महिन्यांत कोणीच करीत नाहीं. त्या उन्हांतील जे किरण आपल्या डोळ्यांस दिसत नाहींत, ज्यांस अतिनील अथवा जंबुपार म्हणतात, तेच या प्लास्टिकचे खरे वैरी होत.

प्लास्टिकच नसतें तर हा प्रश्नही नसता, हें उघड आहे. १९५५ सालीं मद्रासेस एन्फील्ड बुलेटची जुळणी सुरू झाली, पुढें म्हैसूरची जावा आणि येझदी, आणि राजदूत या गाड्या रस्त्यावर आल्या. त्यांचीं मडगार्डें पोलादी असत. त्यांस गंज चढे, पण त्यांचा उपाय कोणाही रंगाऱ्यास ठाऊक होता. १९८५ सालीं हीरो होंडाची सी.डी. १००, १९९४ सालीं स्प्लेंडर आणि २००१ सालीं पुण्याच्या बजाज ऑटोची पल्सर बाजारांत आली. या पिढीपासून गाडीच्या अंगावर प्लास्टिक वाढत गेलें. तें हलकें असतें, गंजत नाहीं, आणि साच्यांतून हव्या त्या आकाराचें काढतां येतें. आज या गाड्यांपैकीं पुष्कळ पंधरा, वीस, पंचवीस वर्षांच्या झाल्या आहेत, आणि त्यांच्या प्लास्टिकचें म्हातारपण आपल्यापुढें आहे.

पोथीची शाई आणि मडगार्डाचा काळेपणा

मोटरसायकलवरील काळा, न रंगविलेला, किंचित् खरखरीत भाग बहुधा पॉलिप्रोपिलीन नांवाच्या प्लास्टिकचा असतो. इटलींतील ज्यूलिओ नाट्टा यांनीं १९५४ सालीं या पदार्थाचें आजचें कठीण व उपयुक्त रूप सिद्ध केलें, आणि या क्षेत्रांतील कार्याबद्दल त्यांस व जर्मनीच्या कार्ल झीग्लर यांस १९६३ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. टांकीच्या बाजूचे रंगविलेले गुळगुळीत भाग पुष्कळदां ए.बी.एस. नांवाच्या दुसऱ्या प्लास्टिकचे असतात. भाग सोडवून त्याची आंतली बाजू पाहिली तर पी.पी. किंवा ए.बी.एस. अशीं अक्षरें तेथें साच्यांतच उमटविलेलीं अनेकदां आढळतात. हीं अक्षरें वाचण्याचे श्रम घ्यावेत. कारण एकाचें औषध दुसऱ्यास लागूं पडतेंच असें नाहीं.

हें प्लास्टिक मुळांत काळें नसतें. त्यास काळें करण्यासाठीं त्यांत अतिशय बारीक काजळी मिसळलेली असते. आतां काजळी म्हणजे शुद्ध कोळसा, आणि तिचा रंग उन्हानें उडत नाहीं, हें आपल्या पूर्वजांस चांगलें ठाऊक होतें. दिव्याची काजळी डिंकाच्या पाण्यांत घोटून केलेल्या शाईनें लिहिलेल्या जुन्या पोथ्या शतकें लोटलीं तरी काळ्याभोर दिसतात. कागद पिवळा पडला, कडा कुरतडल्या, तरी अक्षर फिकें होत नाहीं. इतकेंच नव्हे, तर काजळी प्रकाश स्वतः गिळून प्लास्टिकचें रक्षणही करते. जळगांवकडील केळीच्या बागांतून ठिबक सिंचनाच्या ज्या नळ्या वर्षानुवर्षें उन्हांत पडलेल्या असतात, त्या काळ्या ठेवण्याचें कारण हेंच. त्यांत काजळी शेंकडा दोन-अडीच इतकीच असते, परंतु तेवढ्यानेंच त्यांचें आयुष्य कित्येक पटींनीं वाढतें.

मग मडगार्डाचा काळेपणा गेला कोठें? खरें उत्तर असें कीं, तो कोठेंही गेलेला नाहीं. काजळी जागच्या जागीं आहे. तिला धरून ठेवणारें प्लास्टिक मात्र वरच्या थरांत मोडलेलें आहे. प्लास्टिकचे रेणू लांबच लांब सांखळ्यांसारखे असतात. अतिनील किरण त्या सांखळीच्या कच्च्या दुव्यावर आघात करतात, तुटलेल्या टोंकास हवेंतील प्राणवायु येऊन चिकटतो, आणि त्यांतून निपजलेले उतावळे अणुगट शेजारच्या सांखळ्याही तोडूं लागतात. एका दुव्याचें तुटणें अशा रीतीनें अनेकांस भोंवतें. कारखान्यांत या क्रियेस आवर घालणारीं द्रव्यें घातलेलीं असतात, परंतु कांहीं वर्षांनीं वरच्या थरांतील तीं खर्ची पडतात. पुढें पृष्ठभाग ठिसूळ होतो व त्यावर डोळ्यांस न दिसणाऱ्या असंख्य भेगा पडतात. ताठरपणासाठीं मिसळलेली शंखजिऱ्याची किंवा खडूची भुकटी असेल तर तीही उघडी पडते. अशा भागावरून बोट फिरविलें तर बोटास पांढुरकी पूड लागते, ती हीच.

भेगा पडल्यानें काळें पांढरें कां दिसावें, याचें उत्तर मीरा रोडकरांस मिठागरांत मिळेल. मिठाचा मोठा खडा बऱ्याच अंशीं पारदर्शक असतो. तोच कुटला कीं पांढरा शुभ्र होतो. पदार्थ तोच, परंतु प्रत्येक कणाच्या कडेवर प्रकाश फुटून चोहोंकडे उधळतो आणि डोळ्यांस पांढरेपणाचा भास होतो. मडगार्डावरील सूक्ष्म भेगाही प्रकाश अशाच उधळतात, आणि त्या उधळणीच्या पडद्याआड खालची काजळी झांकली जाते. घरांतील पाटा पाहा. कोरडा असतांना तो करडा दिसतो. त्यावर पाणी शिंपडतांच तो काळाभोर होतो. पाण्यानें त्यास रंग दिला काय? नाहीं. पाण्यानें त्याच्या खांचा भरल्या आणि प्रकाशाची उधळण थांबविली, इतकेंच.

या एका दृष्टांतांत सर्व उपायांची किल्ली आहे. भेगांत जो पदार्थ भरावयाचा त्याचा वक्रीभवनांक प्लास्टिकच्या जितका जवळ असेल तितका काळेपणा अधिक परत येईल. हवेचा वक्रीभवनांक १, पाण्याचा १.३३, खोबरेल तेलाचा सुमारें १.४५, जवसाच्या तेलाचा सुमारें १.४८ आणि पॉलिप्रोपिलीनचा सुमारें १.४९ आहे. म्हणून पाण्यानें थोडा काळेपणा येतो, तेलानें पुष्कळ येतो. पण पाणी वाळून जातें, तेल धुपून जातें. तेव्हां खरा प्रश्न काळें कसें करावें हा नसून काळें टिकवावें कसें, हा आहे.

प्रचलित उपाय आणि त्यांचे दोष

आपल्याकडे या कामीं घरांत हाताशीं येईल तें फांसण्याची चाल आहे. खोबरेल तेल लावलें कीं गाडी दोन दिवस नवी दिसते. तिसऱ्या दिवशीं रस्त्यावरची धूळ त्यावर चिकटून पूर्वीपेक्षांही वाईट थर बसतो, आणि पहिल्या सरीबरोबर सारें वाहून जातें. अमेरिकेंत हौशी लोक भुईमुगाचें लोणी चोळतात असें सांगतात. त्यांतील गुण तोच आणि दोषही तोच. बुटाचें पॉलिश लावलेल्या गाडीशेजारून जातांना पांढऱ्या धोतरानें किंवा साडीनें जपून जावें, एवढेंच आम्ही म्हणूं.

रॉकेल, डिझेल किंवा गाडींतून काढलेलें जुनें इंजिन-तेल लावण्याची सूचना कोणी केली तर ती मात्र स्पष्टपणें नाकारावी. हे पदार्थ पॉलिप्रोपिलीनमध्यें मुरून त्यास फुगवितात, जवळच्या रबरास मऊ करतात, आणि आगीचें भय तें वेगळेंच. जुन्या इंजिन-तेलांत तर कातडीस अपायकारक द्रव्यें असतात. तें हातानें चोळणें हा शुद्ध अविचार होय.

बाजारांत मिळणारीं चकाकी देणारीं सिलिकोनचीं द्रावणें यांहून बरीं. तीं प्लास्टिकची नासाडी करीत नाहींत. परंतु तींही कांहीं आठवड्यांचींच पाहुणीं असतात. आणखी एक गोष्ट पक्की ध्यानांत ठेवावी. असें कोणतेंही द्रावण सीटवर, हँडलाच्या मुठींवर, पाय ठेवण्याच्या रबरावर, टायरच्या जमिनीस टेंकणाऱ्या भागावर आणि ब्रेकच्या तबकडीवर कदापि उडूं देऊं नये. मुलगा मागें बसला आहे, समोर गाय आडवी आली आहे, आणि ब्रेक दाबतांना पाय निसटतो आहे, हा प्रसंग मडगार्डाच्या चकाकीपेक्षां फार महाग पडतो.

कांहीं कुशल कारागीर गरम हवेच्या यंत्रानें प्लास्टिकचा वरचा थर क्षणभर वितळवितात. भेगा मिटतात आणि काळेपणा जादूसारखा परत येतो. ही युक्ति खरी आहे, परंतु घरगुती नव्हे. पॉलिप्रोपिलीन सुमारें १६० ते १६५ अंश सेल्सिअसला वितळतें. यंत्रांतील हवा पांचशें अंशांच्याही वर जाते. हात एक क्षण थबकला कीं मडगार्ड वांकडें झालेंच. ए.बी.एस. तर त्याहून पुष्कळ कमी उष्णतेस, सुमारें १०५ अंशांलाच, मऊ पडूं लागतें. शिवाय संरक्षक द्रव्यें संपलेलीं असल्यामुळें हा काळेपणा पुन्हां उडतो. ज्यास हें करून घ्यावयाचेंच असेल त्यानें भाग गाडीवरून सोडवून पेट्रोलच्या टांकीपासून दूर नेल्याखेरीज यंत्र पेटवूं देऊं नये.

आमची शिफारस

घरगुती प्रयोगासाठीं आमची पसंती जवसाच्या तेलास आहे. मात्र खाण्याच्या कच्च्या तेलास नव्हे. रंगारी ज्यास बेलतेल म्हणतात आणि ज्याच्या डब्यावर डबल बॉइल्ड असें छापलेलें असतें, तें उकळलेलें तेल हार्डवेअरच्या दुकानांत मिळतें. खोबरेल तेल हवेंत तसेंच ओलें राहतें. जवसाचें तेल प्राणवायु शोषून घट्ट होतें व त्याचा पातळ, चिवट पापुद्रा बनतो. युरोपांतील तैलचित्रें शतकानुशतकें टिकलीं तीं याच गुणावर. भेगा भरून तें तेथेंच वाळतें, म्हणून पावसानें सहज धुपत नाहीं.

पहिल्यानें परीक्षा करावी. भाग धुऊन ओला असतांना पाहावा. ओला असतांना तो काळा दिसत असेल तर तेलाचा उपाय लागूं पडेल. ओला करूनही पांढरे डाग तसेच राहिले तर जुन्या मेणाचा किंवा पॉलिशाचा थर खांचांत बसला आहे, असें समजून तो आधीं काढावा. आणि नखास लागतील इतक्या भेगा पडल्या असतील, किंवा भाग दाबतांना करकरत असेल, तर औषधाची वेळ निघून गेली, असें समजावें. इंडिकेटर किंवा नंबरपाटी ज्या भागावर बसविलेली असते तो असा ठिसूळ झाला असेल तर त्यास काळें करण्यापेक्षां बदलणें हेंच शहाणपण. जुन्या गाड्यांचे भाग पुण्यास नाना पेठेंत आणि मुंबईस कुर्ल्याकडील दुकानांत शोधल्यास पुष्कळदां मिळतात.

दुसरें काम धुण्याचें. अर्धी बादली पाणी, थोडा भांडीं घांसण्याचा पातळ साबण आणि दांतांचा जुना ब्रश एवढी सामग्री पुरे. तारेची घांसणी लावूं नये. तिनें नव्या खांचा पडतात. पांढरी पूड पुरती निघेपर्यंत धुवावें, आणि तें पाणी शक्य तों फडक्यानें टिपून घ्यावें. ती पूड म्हणजे प्लास्टिकचाच चुरा होय. गटारांतून तो खाडींत जातो, कुजत नाहीं, आणि खारफुटीच्या चिखलांत सांचून राहतो. धुतलेला भाग सावलींत पूर्ण वाळूं द्यावा. शक्य असल्यास एक रात्र जाऊं द्यावी. मग स्वच्छ फडक्यावर थोडें स्पिरिट घेऊन तेलकटपणा पुसून काढावा. शेजारच्या रंगविलेल्या भागांवर कागदी चिकटपट्टी लावून घ्यावी, म्हणजे स्पिरिट व तेल त्यांवर जाणार नाहीं.

तिसरें काम तेलाचें. सगळ्या गाडीस दोन चहाचे चमचे तेल पुष्कळ झालें. फडक्याच्या टोंकानें तें अगदीं पातळ लावावें, वीस मिनिटें मुरूं द्यावें, आणि मग वर राहिलेलें सर्व तेल कोरड्या फडक्यानें पुसून घ्यावें. येथेंच बहुतेकांची घाई नडते. जाड थर लावला तर तो आंतून वाळत नाहीं, चिकट राहतो, आणि त्यावर धुळीचें अस्तर बसतें. कमी लावणें व नीट पुसणें हीच या कामाची हातोटी. एक दिवस सावलींत वाळल्यावर दुसरा तितकाच पातळ हात द्यावा आणि पुढें दोन दिवस गाडी धुऊं नये. पावसाळ्याच्या दमट हवेंत हें तेल वाळण्यास फार वेळ घेतें. म्हणून हें काम दसऱ्यानंतर थंडीच्या कोरड्या दिवसांत काढावें. खंडेनवमीस गाडी धुऊन पुसून झेंडूची माळ घालण्याची चाल घरोघर आहेच; धुण्याचा मुहूर्त तोच धरला तर पुढील कामास ओळीनें कोरडे दिवस मिळतात.

एक धोक्याची सूचना येथें ठळकपणें देतों. बेलतेलानें भिजलेलीं फडकीं गोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. तेल वाळतांना उष्णता सोडतें. चुरगळलेल्या फडक्यांत ती कोंडून राहते, आणि कोणी काडी न लावतां आग लागूं शकते. फडकीं पाण्यांत भिजवून मगच टाकावीं, किंवा उघड्यावर एकेरी पसरून पुरतीं वाळवावीं. लहान मुलांच्या हातीं हें काम देऊं नये.

रंग मारून काम उरकण्याचा मोह कित्येकांस होतो. पॉलिप्रोपिलीनच्या अंगास साधा रंग धरत नाहीं. सहा महिन्यांत तो पापुद्र्यांनीं सुटतो. रंगच द्यावयाचा असेल तर पाण्यांत भिजवून वॉटर पेपरनें पृष्ठभाग घांसावा, प्लास्टिकसाठीं असलेला प्रायमर लावावा, आणि मग मंद काळा रंग द्यावा. ज्यांच्या गाड्या अतिशय करड्या झाल्या आहेत त्यांच्यासाठीं हा मार्ग आहे. परंतु एकदां रंगविलेला भाग पुढें तेल पिणार नाहीं, हें आधींच जाणून घ्यावें.

गाडी ठेवावी कीं काढावी

इतके श्रम एका जुन्या गाडीसाठीं करावे काय, असें कोणी विचारील. खासगी मोटरसायकलची नोंदणी आपल्या कायद्याप्रमाणें १५ वर्षांची असते. पुढें तपासणी करून ती पांच पांच वर्षांनीं वाढवून घेतां येते, आणि महाराष्ट्रांत अशा गाडीवर पर्यावरण करही भरावा लागतो. हा टप्पा जवळ आला कीं घराघरांत वाद सुरू होतो. वडिलांस गाडी ठेवावयाची असते. कारण तिच्यावरून त्यांनीं मुलांस शाळेंत पोंचविलेलें असतें, आईस इस्पितळांत नेलेलें असतें. चिरंजीवांस ती काढावयाची असते. कारण मित्रांसमोर ती मिरवत नाहीं. दोघेही खरें कारण सांगत नाहींत. वडील म्हणतात, इंजिन चांगलें आहे. चिरंजीव म्हणतात, आतां हिचा भरंवसा नाहीं. आणि निर्णय होतो तो बहुधा त्या करड्या मडगार्डाकडे पाहून.

आमच्या मतें येथें खऱ्या व खोट्या कारणांची निवड करणें अवश्य आहे. गाडी काढण्याचीं खरीं कारणें आहेत. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.च्या वरील प्रत्येक नव्या दुचाकीस ब्रेक दाबतांना चाक जखडूं न देणारी योजना सक्तीची झाली (तिलाही ए.बी.एस.च म्हणतात, तिचा प्लास्टिकशीं संबंध नाहीं), आणि त्याहून लहान गाड्यांस दोन्ही ब्रेक एकदम लागण्याची सोय आली. १ एप्रिल २०२० पासून धुराचे निर्बंधही कडक झाले. ज्या तरुणास रोज महामार्गावरून घोडबंदरमार्गें ठाण्यास किंवा अंधेरीस जावयाचें आहे, त्यानें ओल्या रस्त्यावरील सुरक्षिततेसाठीं नवी गाडी मागितली तर त्याची मागणी रास्त आहे आणि वडिलांनीं ती मनावर घ्यावी. परंतु ज्यांस सकाळीं स्टेशनापर्यंत आणि सायंकाळीं भाजीबाजारापर्यंतच जावयाचें आहे, त्यांनीं केवळ अवकळेसाठीं कर्जाचा हप्ता डोक्यावर घेणें हा व्यवहार नव्हे.

गाडी ठेवण्याचें ठरलें तर कामांचा क्रमही नीट लावावा. आधीं ब्रेक, मग टायर, मग दिवे आणि चेन. मडगार्डाचा काळेपणा अखेरचा. नोंदणीचा दाखला मडगार्ड काळें कीं करडें यावर अवलंबून नसतो, आणि जीवही नसतो. आणि गाडी विकण्याचें ठरलें तर तेलाचा हात देण्यास हरकत नाहीं. घर विकतांना आपण चुना देतोंच. मात्र भेगाळलेला, करकरणारा भाग चकाकीखालीं लपवून घेणाऱ्याच्या गळ्यांत मारूं नये. तो गाडी घेणारा बहुधा आपल्याहून गरीब असतो, आणि त्याच्याही मागच्या सीटवर त्याचें मूल बसणार असतें.

शेवटीं, या उपायाकडून किती अपेक्षा करावी तेंही सांगितलें पाहिजे. तांब्या-पितळेच्या भांड्यास कल्हई करतात, तिचीच ही जात आहे. कल्हईनें भांडें नवें होत नाहीं. त्यावर एक नवा पातळ थर बसतो आणि भांडें पुन्हां वापरण्याजोगें होतें. तो थर झिजला कीं कल्हईवाल्यास पुन्हां बोलवावें लागे. तेलाचा थरही असाच उन्हानें झिजतो. वर्षाकांठीं पुन्हां एक पातळ हात द्यावा लागतो. तुटलेल्या सांखळ्या मात्र कोणत्याही तेलानें पुन्हां जुळत नाहींत. म्हणून उपायापेक्षां जपणूक मोठी. गाडी शक्य तों इमारतीच्या पूर्वेस लावावी, म्हणजे दुपारनंतरचें ऊन चुकतें. आच्छादन घालावयाचें तर तें कापडाचें, हवा खेळेल असें असावें. मेणकापड घट्ट बांधलें तर आंत ओल कोंडून खाऱ्या हवेचें काम सोपें होतें. सायलेन्सर निवल्याशिवाय आच्छादन घालूं नये. पंधरा दिवसांतून एकदां साध्या पाण्यानें मीठ-धूळ धुऊन काढावी. वसाहतीच्या सभेंत मोटारींच्या जागेवरून तासन् तास खल होतो. तेथें दुचाक्यांसाठीं एका साध्या पत्र्याच्या छपराचा ठराव कोणीं मांडला तर त्या एका छपरानें सगळ्या तेलांपेक्षां अधिक काम होईल, आणि त्याचा खर्च सर्वांत वांटला असतां प्रत्येकाच्या वांट्यास फार येणार नाहीं.